ओढ्याचा कीमन

आमच्या गावच्या ओढ्याला किलोमीटरचे दगड आहेत. खोटं वाटत असेल तर परंदवडीच्या पुढं येऊन बघा. कंपनीच्या मागच्या भिंतीपासून ओढा नदीला मिळतो तिथपर्यंत, काठच्या दगडांवर पांढऱ्या रंगात आकडे आहेत: १/१, १/२, १/३, असे. रंग बराच उडालाय, पण वाचता येतात. सरकारी नाहीत ते. एका माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेत आणि त्यासाठी गावानं त्याला येडा ठरवला. मीही ठरवला होता. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर आहे मी. टाकी भरायची, वॉल सोडायचा, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची आणि नळाला पाणी आलं नाही की सगळ्या गावाच्या शिव्या खायच्या. अशा माणसाला दुसरं कुणी येडं सापडलं तर बरंच वाटतं.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. रेल्वेत कीमन होते, लोणावळा ते मळवलीच्या पट्ट्यात. कीमन म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. रोज सकाळी आपल्या हद्दीतल्या रुळांवरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या बघायच्या, सैल दिसली की हातोड्यानं ठोकायची आणि मोठं काही दिसलं तर लाल बावटा लावून गाडी थांबवायची. त्या हद्दीला बीट म्हणतात. पस्तीस वर्षं ते बीट चालले. रिटायर होऊन गावी आले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हातात काठी घेऊन ओढ्याच्या काठानं चालायला लागले. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला म्हणाल्या होत्या, "पाय थांबत न्हाईत रं त्यांचं. आजार हाय त्यो बी."

ओढा तेव्हाच बिघडला होता. वर डोंगराच्या पायथ्याला कंपनी आली, तिची मागची भिंत ओढ्याला लागून. पाणी कधी तांबूस यायचं, कधी त्यावर साबणासारखा फेस यायचा, कधी नुसताच वास. खेकडे आधी गेले, मग बेडूक. खालच्या वस्तीची विहीर ओढ्याच्या काठावरच, त्यामुळं ओढ्यात जे येईल ते हळूहळू तिच्यात झिरपायचं. त्या वस्तीत आबांचं घर. माझ्या टाकीची लाईन तिथपर्यंत पोचताना दम तोडते, तिसऱ्या दिवशी अर्धा तास पाणी. बाकी सगळी भिस्त विहिरीवर. बायांच्या हातापायांना खाज, पोरांची पोटं बिघडलेली, आणि डॉक्टरला विचारलं की डॉक्टर म्हणायचा, पाणी उकळून प्या. उकळून सगळं जात असतं तर काय हवं होतं.

आबा रोज सगळा ओढा चालायचे आणि वहीत लिहायचे. "किमी १, खांब ४. फेस, वीतभर. वास तेलकट." "किमी २, खांब १. पाणी तांबूस. मेलेले मासे सात." दगडांवरचे आकडे त्यासाठीच. साहेबाला सांगताना 'चिंचेच्या झाडापाशी' असं सांगून चालत नाही, खांब नंबर सांगावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा एक ठरलेला मंत्र होता: "बघितलं ते लिवायचं, लिवलं ते पोचवायचं. न बघितलेलं लिवलं की गाडी पडती." पाणी वाईट असेल त्या दिवशी धुण्याच्या घाटावर काठीला लाल फडकं बांधायचे. गडीमाणसं हसायची. बाया मात्र लाल फडकं दिसलं की धुण्याची पाटी तशीच परत न्यायच्या. आबांवर पहिला विश्वास बायांनी ठेवला, हे मला सांगितलंच पाहिजे.

आणि त्यांची टोपी. पांढरी टोपी ते मुद्दाम ओढ्यात धुवायचे. धुऊन धुऊन तिला असा काही रंग चढला होता की धड भगवा नाही, धड मातकट नाही. तीच घालून तालुक्याला वडगावला जायचे, तीच घालून पुण्याला. एकदा एका साहेबानं विचारलं, "आबा, टोपी तरी स्वच्छ घालायची." आबांनी टोपी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "सायेब, स्वच्छच हाय. आजच धुतलीय." साहेबानं शिपायाला बोलावून ती उचलायला लावली.

माझं आणि त्यांचं सकाळी टाकीपाशी भेटणं व्हायचं. त्यांची फेरी संपायची आणि माझा वॉल सुटायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "पावडर किती टाकली?" मी सांगायचो. मग म्हणायचे, "टाक बाबा. आजाऱ्याला अत्तर लावल्यावानी हाय ते." मला राग यायचा. म्हणायचो, "आबा, तुमचं हे अर्ज-बिर्ज म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." ते शांतपणे म्हणायचे, "मग घडा उताणा करायचा." असला माणूस. भांडायलाही धड मिळायचा नाही.

अर्ज मात्र खरंच किती केले असतील. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आबांना आठ-नऊ वर्षं थांबवलं. त्यांचं मागणं इतकं छोटं होतं की मला तेव्हा ते हास्यास्पद वाटायचं. त्यांना भरपाई नको होती, कंपनी बंद व्हायला नको होती, गावातली पाच-पन्नास पोरं तिथंच कामाला होती. त्यांना फक्त एक कागद हवा होता. सरकारच्या माणसानं येऊन बघावं आणि हे पाणी खराब आहे असं लिहून द्यावं. "एकदा लेखी आलं की पुढचं आपोआप हुतंय," म्हणायचे. रेल्वेत तसं होत असेल. कीमननं लिहिलं की गाडी थांबते.

मग लोणावळ्याची वकीलबाई मिळाली. तरुण होती, बोलायला स्पष्ट. तिनं पुण्यात पर्यावरणाच्या कोर्टात आबांचा अर्ज लावला. एका दुपारी ती आबांच्या ओसरीवर बसून समजावत होती, मीही होतो. म्हणाली, "आबा, घटनेचं एकविसावं कलम आहे, जगण्याचा हक्क. जगणं म्हणजे नुसता श्वास चालू असणं नाही. स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा त्यातच येते."

आबांनी विचारलं, "असं लिवलंय तितं?"

ती थांबली. म्हणाली, "त्या शब्दांत नाही लिहिलेलं. मोठ्या कोर्टानं तसा अर्थ लावलाय."

आबांचं तोंड पडलं. लिहिलेलं नाही म्हटल्यावर त्यांचा जीव कशात अडकणार. बाईच्या ते ध्यानात आलं असावं, तिनं पानं उलटली आणि दुसरं काही वाचून दाखवलं: नद्या, तळी, रानं यांचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे.

"ह्ये लिवलंय?"

"हे लिहिलंय."

"कर्तव्य म्हंजे ड्युटीच की."

"ड्युटीच."

आबा उठून उभेच राहिले. आक्कांना आत हाक मारून म्हणाले, "ऐकलं का गं? मी रिटायर न्हाई झालेलो." आणि बाईला म्हणाले, "हक्काचं तुमी बघा. ड्युटीचं मी बघतो." त्या दिवसापासून ते ओढ्यावर चालायला निघताना कुणी विचारलं तर 'फिरायला' म्हणायचे नाहीत, 'ड्युटीवर' म्हणायचे. मी त्याची चावडीत नक्कल करून लोकांना हसवलंय. आता ते आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कोर्टानं सांगितलं, प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी जागेवर जाऊन पाहणी करावी, पाण्याचे नमुने घ्यावेत. तारीख ठरली, पत्र ग्रामपंचायतीत आलं. एक नक्कल कंपनीलाही गेली, नियमच तसा. पत्र गेलं आणि ओढ्याला वरून येणारा फेस बंद झाला. आठवडाभर ओढा असा निवळ वाहिला की म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवले. मी आबांना म्हणालो, "झालं. आता काय दाखवणार?" ते म्हणाले, "ओढा पळून जातो. हीर कुटं पळतीय? तिनं सगळं पोटात धरलंय. सायबांनी फकस्त हिरीचं पाणी आन् गाळ न्यावा." सगळा भरवसा त्या विहिरीवर.

आणि इथं मी येतो.

आमच्याकडं साहेब येणार म्हटलं की गाव झाडायचं, ही रीत आहे. स्वच्छतेच्या बक्षिसाची तपासणी असो, कुणा मंत्र्याची गाडी असो, शाळेचे इन्स्पेक्टर असोत. चुन्याच्या फक्क्या मारायच्या, सडा घालायचा, नारळ-शाल तयार ठेवायची. पाहुण्याला घाण दाखवायची नाही. हे आमच्या हाडीमाशी इतकं भिनलंय की ही पाहणी घाण बघण्यासाठीच आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आबांच्या आलं असतं. पण आबा आदल्या दिवशी सकाळीच कागद नीट करायला वकीलबाईकडं लोणावळ्याला गेलते, रात्रीही लेकीकडं तिथंच राहणार होते.

दुपारी आक्का टाकीपाशी आल्या. वस्तीतल्या बायांनी अंगणं सारवली होती, रांगोळ्या पडल्या होत्या. आक्का म्हणाल्या, "एवढ्या वर्सांनी त्यांच्या शब्दावर सायेबलोक येत्यात. हिरीत डोकावलं तर काय म्हणतील? तेवढी हीर साफ करून दे रं बाबा." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला आधीच सुचायला हवं होतं असं वाटलं. आबांचा दिवस आहे, त्यांची मान खाली जायला नको. सरपंचभाऊंना विचारलं, ते म्हणाले, "कर की. पंचायतीची मोटर घे."

मी मोटर लावून विहीर उपसली. चार गडी उतरवून तळाचा काळा गाळ खरवडून काढला आणि ट्रॅक्टरनं लांब टाकून दिला. असला घाण वास, की एक गडी वर येऊन ओकला. कठड्याला चुना दिला. संध्याकाळपर्यंत झऱ्यांना पाणी येईना, विहीर नुसती ओली. साहेबांना रिकामी विहीर काय दाखवायची? म्हणून टँकरच्या दोन खेपा आणून ओतल्या, माझ्याच टाकीचं पाणी, वरून टीसीएल. तळ दिसत होता. आक्कांनी कडेला हळदीकुंकू वाहिलं. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आज जरा पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी आली, पाठोपाठ वकीलबाईच्या गाडीतून आबा. रंगलेली टोपी डोक्यावर. चुना मारलेला कठडा दिसला तसे ते जागीच थांबले. मग पुढं आले, वाकले, वास घेतला. पाण्याकडं बघत राहिले. मी शाल घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला त्या क्षणी कळलं की मी काय केलंय. आदल्या दिवसभरात नाही कळलं. तिथं, शाल हातात घेऊन, कळलं.

आबा साहेबांना म्हणाले, "ह्ये पाणी ह्या हिरीचं न्हाई."

साहेब वाईट नव्हता. समजुतीनं म्हणाला, "आबा, तुमच्यासमोर ह्याच विहिरीतून काढतोय ना?" लोक हसले. साहेबानं बाटल्या भरल्या, सील केल्या, पंचनामा लिहिला. त्यानं बघितलं ते लिहिलं. आबांनी आयुष्यभर जे केलं तेच त्यानं केलं, त्याला काय दोष देणार.

नंतर वकीलबाई माझ्या घरी आली. म्हणाली, "तुम्ही एका कागदावर खरं ते लिहून द्या. विहीर उपसली, गाळ काढला, टँकरचं पाणी टाकलं, एवढंच. कोर्ट परत पाहणी लावेल. झरे जिवंत आहेत, विहीर पुन्हा खरं बोलेल." मी म्हणालो, बघतो. सरपंचभाऊंच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "दे की लिहून. पुराव्यात फेरफार केला म्हणून पहिला तूच आत जाशील. आन् नोकरीचं म्हणशील तर तू काय पर्मनंट न्हाईस." घरी दोन मुली, म्हातारी आई. मी आठ दिवस 'बघतो बघतो' केलं. आबा त्या आठ दिवसांत रोज सकाळी टाकीपाशी आले. पावडर किती टाकली तेवढं विचारलं. दुसरं काही नाही विचारलं.

तारखेला मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो. का गेलो, मलाच माहीत नाही. खिशात एक कोरा कागद होता, तो सही करून देईन असं एक मन म्हणत होतं. मागच्या बाकावर बसलो. वकीलबाई सांगत होती की विहिरीत बाहेरचं पाणी टाकलं गेलं. समोरून न्यायाधीशांनी विचारलं, कुणी टाकलं? कुणाचं प्रतिज्ञापत्र आहे का? मग त्यांनी आबांनाच विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का हे कुणी केलं?"

आबा उभे राहिले. टोपी हातात होती. म्हणाले, "सायेब, मी त्या दिवशी गावात नव्हतो, लोणावळ्याला गेलतो. मी बघितलं न्हाई. बघितलं न्हाई ते मी सांगत न्हाई."

बघितलेला माणूस मागच्या बाकावर बसला होता. तो उठला नाही.

आपलेच दात आन् आपलेच ओठ, म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं नाही? की माझ्या नावामागनं आक्कांचं नाव आलं असतं म्हणून? की खरंच त्यांचा तो नियमच होता, आणि घरचं सगळं जळालं तरी ते नियम मोडणार नव्हते? मी ह्यावर इतका विचार केलाय की आता विचार करायचीही लाज वाटते. एक मात्र खरं, त्यांनी मला दार उघडं ठेवलं होतं. मी नाही गेलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

निकालात आलं, तक्रारीत तथ्य आढळलं नाही. पाणी मर्यादेत. येताना एसटीत शेजारी बसलो होतो. सोमाटणं आलं तेव्हा त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या चपलेचा अंगठा सुटलाय. वडगावला चांगला मोची हाय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते चालायला निघाले, पण फडकं नेलं नाही. फेस परत सुरू झाला होता. बायांनी घाटावर विचारलं, "आबा, आज धुणं धुवायचं का?" ते म्हणाले, "सायबांनी चांगलंय म्हणून लिवलंय. धुवा." माझ्या समोर म्हणाले. इतकं कडू बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. बाया मात्र पाट्या घेऊन परत गेल्या.

मग ते चालायचेच थांबले. काही मोठा आजार नव्हता, निदान डॉक्टरला सापडला नाही. थंडीच्या दिवसांत अंथरूण धरलं. मी एकदा धीर करून गेलो. शेजारी बसलो आणि म्हणालो, "आबा, त्या दिवशी हिरीचं मी..."

ते म्हणाले, "टाकी भरली का?"

"भरली."

"मग जा. बाया हंडं घेऊन उभ्या असतील. हितं बसून काय करतोस?"

मी उठलो. बाहेर आक्का तुळशीपाशी बसल्या होत्या. महिन्याच्या आत आबा गेले. माफी मागायची राहिली असं मी म्हणणार नाही. मी मागितली नाही, हे खरं.

ते गेल्यावर चार महिन्यांनी खालच्या वस्तीत एकाच दिवशी पाच-सहा पोरांना उलट्या झाल्या. कुणाची पाहणी नाही, बाटली नाही, कोर्ट नाही. तालुक्यावरून सरपंचभाऊंना फोन आला. ते टाकीपाशी येऊन मला म्हणाले, "त्या हिरीवर बोर्ड लिहून टाक. उद्याच्याला काही झालं तर आपल्या गळ्यात नको. टँकर लावतो वस्तीला." कुठलं पत्र आहे का विचारलं, तर म्हणाले, "पत्र कशाला पाहिजे? सगळ्यांना म्हाईतच हाय की."

मी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेलो. मी चुना दिलेल्या त्या कठड्यावर लिहिलं: 'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. आदेशावरून, ग्रामपंचायत.' दहा मिनिटं लागली.

आक्का हंडा घेऊन टँकरकडं निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "काय लिवलंस रं?"

मी वाचून दाखवलं.

त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मी परत वाचलं. त्या अक्षरांकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढंच लिवून पायजे व्हतं व्हय रं त्यांना?"

मी म्हणालो, "व्हय आक्का. एवढंच."

त्यांनी हंडा कमरेवर घेतला आणि टँकरकडं गेल्या. मी ब्रश धुवायला ओढ्यावर गेलो नाही, तो तसाच वाळू दिला.